दूरचा वैद्य आणि मधली वाट

सन २०२१ च्या एप्रिल महिन्यांतील गोष्ट आहे. नागपुरांत तेव्हां करोनाच्या दुसऱ्या लाटेनें असा कहर मांडला होता कीं, रुग्णालयांत खाट मिळणें दुरापास्त झालें होतें. ज्यांची प्रकृति फार बिघडली नव्हती त्यांना घरींच ठेवावें व डॉक्टरांनीं फोनवरून उपचार सांगावे, असा क्रम सुरू होता. आमच्या परिचयाच्या एका घरीं आजोबा अंथरुणावर होते. सारेंच घर आजारी; हिंडूंफिरूं शके अशी एकटी नात, इयत्ता आठवींतील. तिनें आजोबांच्या बोटास ऑक्सिमीटर लावला, त्यावरील आंकडा वाचला आणि डॉक्टरांस फोनवर सांगितलें, “शहाऐंशी.” पलीकडून उत्तर आलें, “शहाण्णव ना? छान आहे. काळजी करूं नका.”

मुलगी घोटाळली. मोठ्या माणसाच्या बोलण्यांत चूक काढावी कशी? पण आंकडा तिच्या डोळ्यांसमोर होता. ती म्हणाली, “नव्वदवाला नाहीं सर, ऐंशीवाला. आठ आणि सहा.” पलीकडे क्षणभर शांतता झाली आणि मग बदललेल्या आवाजांत उत्तर आलें, “ताबडतोब रुग्णालयांत हलवा.”

रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण ९६ असेल तर तें निरोगी माणसासारखेंच झालें. तें ९० च्या खालीं गेलें कीं जिवास धोका उत्पन्न होतो. ८६ आणि ९६ ह्या दोन आंकड्यांमध्यें त्या दिवशीं एका माणसाचें आयुष्य होतें. डॉक्टरांनीं हयगय केली नव्हती व मुलगीही अडखळली नव्हती. दोघांच्या मधली जी वाट, तिनें शब्दाचें शेपूट गिळलें होतें. वैद्य दूर असतां उपचार करण्याची जी विद्या, तिला दूरवैद्यक म्हणतात. तिजविषयीं लिहितांना यंत्रांचें व सोयींचें कौतुक पुष्कळ केलें जातें; ह्या मधल्या वाटेचा विचार मात्र क्वचितच होतो. तोच आज आम्ही करणार आहों.

दूरवैद्यक ही अगदीं कालची गोष्ट आहे असें आमच्या विद्यार्थ्यांस वाटत असेल, तर तें तसें नाहीं. हॉलंड देशांतील लेडन शहरीं आइन्थोव्हेन नांवाचे प्राध्यापक होते. हृदयाच्या ठोक्यांबरोबर शरीरांत उत्पन्न होणारे विजेचे सूक्ष्म प्रवाह टिपणारें यंत्र त्यांनीं सिद्ध केलें होतें. यंत्र इतकें अवजड कीं, तें रुग्णालयांत नेणें अशक्य; आणि रुग्णालयांतील रोगी प्रयोगशाळेंत आणणें तितकेंच अवघड. तेव्हां १९०५ सालीं त्यांनीं रुग्णालय व प्रयोगशाळा ह्यांमधील सुमारें दीड किलोमीटर अंतरावर टेलिफोनची तार जोडली, रोग्याचे हात व पाय मिठाच्या पाण्यांत बुडवून तो प्रवाह तारेवरून आणला आणि आपल्या टेबलाशीं बसून दूरच्या हृदयाचा आलेख काढला. पुढें १९२४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. आइन्थोव्हेन ह्यांनीं हृदयाचा *आवाज* तारेवरून पाठविला नाहीं, विजेचा प्रवाह पाठविला. आवाज पाठविला असता तर तो बहुधा वाटेंतच हरवला असता. टेलिफोन हा माणसाच्या बोलण्यासाठीं आहे. सेकंदास सुमारें ३०० ते ३४०० कंपनें एवढाच ध्वनींचा पट्टा जुना टेलिफोन वाहून नेतो. हृदयाचे ठोके बहुतांशीं २०० कंपनांच्या खालचे. म्हणजे छातीवर फोन ठेवून डॉक्टरांस “ऐका” म्हटलें, तर जें ऐकावयाचें तेंच नेमकें गाळलें जातें! आजचे मोबाइल ह्याहून रुंद पट्टा नेतात हें खरें, पण त्यांच्यांत दुसरी खोड आहे. बोलण्याखेरीज जें कांहीं असेल त्यास ते गोंगाट समजून पुसून टाकूं पाहतात. दम्याच्या रोग्याची घरघर ही त्यांच्या लेखीं रस्त्यावरच्या गाडीसारखीच.

ह्याच विषयांतील दुसरें उदाहरण आमच्या मिशन शाळेंतील वाचकांस अधिक जिव्हाळ्याचें वाटेल. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागांत जॉन फ्लिन नांवाचे एक प्रेस्बिटेरियन पाळक धर्मसेवेचें काम करीत असत. शेंकडों मैलांत डॉक्टर नाहीं म्हणून साध्या दुखण्यानें माणसें मरत, हें त्यांनीं पाहिलें. १९२८ सालीं क्लोनकरी येथून त्यांनीं विमानानें जाणारा डॉक्टर सुरू केला. पण डॉक्टरांस बोलवावयाचें कसें? तेथें तार नव्हती, वीजही नव्हती. आल्फ्रेड ट्रेगर नांवाच्या कारागिरानें सायकलसारखे पायटे मारून वीज उत्पन्न करावी व तिजवर बिनतारी संदेश पाठवावा असें यंत्र बनविलें. १९२९ पासून तें वापरांत आलें. प्रारंभीं घरोघरच्या बायका त्यावर टकटक करून मोर्सच्या खुणांनीं निरोप पाठवीत.

आम्हांस ह्यांतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट पुढची वाटते. पुढें त्या दूरच्या वस्त्यांना औषधांच्या पेट्या देण्यांत आल्या आणि पेटींतील प्रत्येक औषधाला क्रमांक देण्यांत आला. औषधांचीं नांवें लांबलचक व एकमेकांसारखीं. खरखरणाऱ्या बिनतारी यंत्रावर तीं ऐकूं येणार कशीं? म्हणून डॉक्टर नांवाऐवजीं क्रमांक सांगे. वाट वाईट आहे हें ज्यांनीं आधींच मान्य केलें, त्यांनीं त्या वाटेवरून सुखरूप जाईल असाच निरोप तयार केला. आजही चांगल्या दूरवैद्यकाचें मर्म ह्याहून फार निराळें नाहीं.

आतां आपल्याकडे येऊं. भारतीय अवकाश संशोधन संस्थेनें २००१ सालीं उपग्रहाच्या द्वारें दूरवैद्यकाचा प्रयोग आरंभिला. त्यानंतर नोव्हेंबर २०१९ मध्यें केंद्र शासनाची ‘ई-संजीवनी’ ही सेवा सुरू झाली. मोहाली येथील सी-डॅक संस्थेनें ती घडविली. हिची रचना गाडीच्या चाकासारखी आहे: मध्यभागीं तुंब्याच्या जागीं डॉक्टरांचें केंद्र, आणि आऱ्यांच्या टोकांशीं खेड्यांतील आरोग्य उपकेंद्रें. रोगी आपल्या गांवच्या उपकेंद्रांत जातो, तेथील आरोग्य अधिकारी त्याची तपासणी करून दूरच्या डॉक्टरांशीं जोडून देतो. करोनामुळें टाळेबंदी झाली तेव्हां, एप्रिल २०२० मध्यें, रोग्यानें घरूनच डॉक्टरांशीं बोलावें अशीही सोय तींत झाली. २०२३ च्या आरंभीं ह्या सेवेवर झालेल्या सल्ल्यांची संख्या १० कोटींच्या पुढें गेली होती.

विदर्भास ह्याची गरज किती, हें नकाशावरून दिसेल. नागपुराहून गडचिरोली सुमारें १७० किलोमीटर आणि तेथून भामरागड आणखी जवळजवळ तितकेंच. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला कीं पुलावरून पाणी जातें व भामरागडची वाट बंद होते. अशा दिवशीं पलीकडच्या रोग्याकडे जर कांहीं पोंचूं शकत असेल तर तो फक्त डॉक्टरांचा आवाज. आणि नेमक्या त्याच दिवशीं वादळानें वीज जाते, टॉवरची बॅटरी कांहीं तास तग धरते व मग रेंजही जाते. दूरवैद्यकाची गरज आणि दूरवैद्यकाची अडचण हीं दोन्ही एकाच ढगांतून बरसतात, असें म्हणावयास हरकत नाहीं.

रेंज असतांनाही आवाज तुटतो कां? हें समजण्यासाठीं नागपूर स्टेशनावर जाऊं. तेथून दोन प्रकारचा माल बाहेर जातो असें समजा: एक संत्र्यांच्या पेट्या व दुसरा उमरेडचा कोळसा. कोळसा दोन दिवस उशिरा पोंचला तरी कोळसाच राहतो. मात्र एक वाघिण हरवली तर ती शोधून पुन्हां पाठवावी लागते, कारण हिशेब पुरा झाला पाहिजे. संत्र्यांचें तसें नाहीं. दहा-पांच फळें कमी भरलीं तरी गिऱ्हाईक चालवून घेतो. पण पेटी उशिरां पोंचली तर ती फेंकूनच द्यावी लागते.

फोनवरचें बोलणें हें संत्रें आहे, आणि क्ष-किरणांचें छायाचित्र हा कोळसा आहे. आजच्या यंत्रांत आपला आवाज अखंड जात नाहीं. सेकंदाचे सुमारें ५० तुकडे करून प्रत्येक तुकडा निराळ्या पुडक्यांत बांधून पाठविला जातो. वाटेंत कांहीं पुडकीं गळतात, कांहीं मागेंपुढें होतात. जें पुडकें उशिरा आलें तें पलीकडचें यंत्र टाकून देतें, कारण तोंवर बोलणें पुढें गेलेलें असतें. एक-दोन पुडकीं गळलीं तर यंत्र आजूबाजूच्या आवाजावरून खळगा बुजवितें व आपल्यास कळतही नाहीं. पण ‘नका’ हा शब्द उच्चारावयास समजा सेकंदाचा एक-तृतीयांश लागतो. म्हणजे तीं सोळा-सतरा पुडकीं झालीं. रेंज क्षणभर गेली तर तेवढीं सहज जातात. “ही गोळी घेऊं नका” ह्यांतील ‘नका’ गेला, तर मागें काय राहिलें तें वाचकांनींच पाहावें.

येथें आमच्या मायबोलीचा एक विशेष आड येतो. मराठींत नकार वाक्याच्या शेंवटीं येतो. आंकडा बोलतांना आपण एकं आधीं म्हणतों व दहं मागून: शहाऐंशी, शहाण्णव, सत्त्याऐंशी, सत्त्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याण्णव. आरंभ एकसारखा, आणि सारें महत्त्व शेंपटांत. बोलणाऱ्याचा श्वास वाक्याच्या शेंवटीं उतरतो, आवाज मंद होतो, आणि तेथेंच अर्थाचा सारा भार असतो. इंग्रजींत दहं आधीं बोलतात. तेथें शेंपूट तुटलें तर चूक एकंची होते, आपल्याकडे ती दहंची होते. म्हणून त्या मुलीनें “आठ आणि सहा” असें सुटें करून सांगितलें हें कोणी शिकविल्यावांचून केलेलें फार मोठें काम होय. वैमानिक आंकडे असेच सुटे करून बोलतात.

छायाचित्राचा हिशेब निराळा. छातीच्या क्ष-किरण चित्रांत २००० गुणिले २५०० असे ५० लक्ष बिंदु असतील व प्रत्येक बिंदूस १६ अंश लागत असतील, तर सारें मिळून ८ कोटी अंश झाले. वाट सेकंदास १० लक्ष अंश वाहून नेणारी असेल तर ८० सेकंद पुरतात. १ लक्षच नेणारी असेल तर तेरा मिनिटांहून अधिक. उलट हृदयाचा दहा सेकंदांचा आलेख अशाच रीतीनें मोजला तर अवघ्या साडेसहा लक्ष अंशांच्या आंत बसतो. तो त्या अरुंद वाटेवरूनही सात सेकंदांत जाईल. हृदयविकाराचा झटका आला असतां क्षणाक्षणाचें मोल असतें, आणि नेमकी त्याचीच खूण इतकी हलकी असावी ही मोठी सोयीची गोष्ट होय. आइन्थोव्हेन ह्यांच्या विद्येचें हें देणें आहे.

वाट रुंद असली म्हणजे सारें झालें असेंही नाहीं. तिला लागणारा वेळ हा निराळाच गुण आहे. जो उपग्रह आकाशांत एकाच जागीं स्थिर दिसतो, तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. आवाज तेथवर जाऊन परत खालीं यावयास, प्रकाशाच्या वेगानें गेला तरी, सुमारें पाव सेकंद लागतो. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें संभाषणासाठीं एका बाजूचा विलंब १५० सहस्रांश सेकंदांच्या आंत असणें इष्ट मानलें आहे. अर्ध्या सेकंदानें एवढें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. खेड्यांतील म्हातारी आधींच संकोचानें थांबून बोलते. डॉक्टर विचारतात, “पोटांत दुखतें कां?” उत्तर आलें नाहीं असें वाटून ते पुढें विचारतात, “उलटी झाली कां?” इतक्यांत पहिल्या प्रश्नाचें “हो” येऊन पोंचतें आणि तें दुसऱ्या प्रश्नासमोर लिहिलें जातें. शब्द एकही हरवला नाहीं, तरी रोगाचें चित्र बदललें. त्यांतून भामरागडकडे रोग्याची भाषा माडिया, मेळघाटांत कोरकू. मधें दुभाषा बसला कीं विलंबास आणखी एक वळण मिळतें.

वाट बिकट झाली कीं आधीं काय टाकावें? आमचें मत असें कीं, हलतें चित्र टाकावें, आवाज राखावा. चित्र आवाजाहून कितीतरी पट जागा अडवितें, आणि गोठून गोठून पुढें सरकणाऱ्या चित्राचा उपयोग थोडा. लहान मुलाला न्यूमोनिया आहे कीं नाहीं हें ताडण्यासाठीं त्याचे श्वास पुरें एक मिनिट मोजावे लागतात. दोन महिन्यांवरील तान्ह्या मुलाचे मिनिटास ५०, किंवा एक वर्षाहून मोठ्या मुलाचे ४० झाले कीं तें धोक्याचें लक्षण मानतात. अडखळणाऱ्या चित्रावरून ही मोजणी करूं जाणें म्हणजे तुटक्या घड्याळावर वेळ पाहणें होय. ती जवळ बसलेल्या आशाताईंनीं हातांत घड्याळ घेऊन करावी व आंकडा सुटा करून सांगावा. अंगावरचें पुरळ किंवा डोळ्यांचा पिवळेपणा दाखवावयाचा असेल तर दिवसाउजेडीं स्थिर छायाचित्र काढून पाठवावें. पिवळ्या दिव्याखालीं सारेंच जग कावीळ झाल्यासारखें दिसतें.

मात्र ह्या मतास कायद्याची एक मर्यादा आहे, ती सांगितलीच पाहिजे. केंद्र शासनाच्या २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनीं चित्र, आवाज व लेखी मजकूर हे तिन्ही मार्ग मान्य केले; पण औषधांच्या याद्या पाडल्या. पॅरासिटामॉल, जलसंजीवनी अशीं साधीं औषधें कोणत्याही मार्गानें सांगतां येतात. दुसऱ्या एका यादींतील औषधें पहिल्याच भेटींत द्यावयाचीं तर डॉक्टरांनीं रोग्यास चित्रानें पाहिलेलें असावें लागतें. नियम सुरक्षिततेसाठीं आहे व तो योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा होतो कीं, ज्या गांवीं चित्र पोंचत नाहीं तेथील नव्या रोग्यास औषधांचें एक दालनच त्या दिवशीं बंद. टॉवरची दुर्बळता अशी थेट औषधाच्या चिठ्ठीवर उतरते.

आतां, वाट चांगली कीं वाईट हें ठरवावयाचें कोणी? इंजिनियर गळलेलीं पुडकीं मोजतात. पण ऐकणाऱ्यास कसें वाटलें हेंही विचारण्याची जुनी पद्धत आहे. ऐकणाऱ्यांना आवाज ऐकवून १ ते ५ गुण द्यावयास सांगतात: ५ म्हणजे उत्तम, १ म्हणजे अगदींच वाईट, आणि सर्वांच्या गुणांची सरासरी काढतात. पद्धत उत्तम, पण ती आमच्या खेड्यांत जशीच्या तशी नेली तर फसेल अशी आम्हांस शंका आहे. आमचा खेडूत रोगी भिडस्त. डॉक्टर एवढे मोठे, आपल्यासाठीं वेळ काढून बोलले. त्यांना वाईट कसें म्हणावें? “बरं ऐकूं आलं ना, बाबा?” असें विचारलें तर तो “हो जी” म्हणणार आणि बाहेर येऊन बायकोला विचारणार, “काय म्हणे ते?” तेव्हां गुण मागण्याऐवजीं, “गोळी केव्हां केव्हां घ्यायची तें मला सांगा पाहूं,” असें विचारावें. त्यानें बरोबर सांगितलें तर वाट चांगली होती. सांगतां आलें नाहीं, तर यंत्रावरील साऱ्या हिरव्या रेघा व्यर्थ.

हा प्रयोग विद्यार्थ्यांस घरीं करण्यासारखा आहे. दोघांनीं दोन घरीं फोन घेऊन बसावें. एकानें वीस ओळी वाचाव्या: दहा आंकडे (त्यांत ८६, ९६, ५९, ६९ असे जुळे अवश्य घ्यावे) आणि दहा सूचना, ज्यांतील निम्म्यांच्या शेंवटीं ‘नका’ आहे. दुसऱ्यानें ऐकलें तसें लिहावें, पुन्हां विचारूं नये. एकदां गच्चीवर, एकदां आंतल्या खोलींत, एकदां स्वयंपाकघरांत मिक्सर चालू असतांना, असें करून चुका मोजाव्या. नंतर त्याच ओळी आंकडे सुटे करून आणि नकार आधीं आणून (“नका घेऊं ही गोळी”) पुन्हां वाचाव्या व चुका किती घटल्या तें पाहावें. चुकांचे तक्ते उन्हाळ्याच्या सुटीनंतर विज्ञानाच्या तासाला आणावे. पालकांनीं ह्या खेळांत एक बाजू घेतली तर बरें. विशेषतः ज्या घरीं आजी-आजोबांचीं औषधें फोनवर विचारलीं जातात तेथें, फोनशेजारीं एक वही व दोरीला बांधलेली पेन्सिल टांगून ठेवावी आणि डॉक्टरांनीं सांगितलेलें लिहून झाल्यावर तें त्यांनाच परत वाचून दाखवावें. त्या मुलीच्या घरीं अशी वही आतां आहे. तिच्या पहिल्याच पानावर तिनें मोठ्या अक्षरांत ‘आठ-सहा’ लिहून ठेवलें आहे, आणि आजोबा आलेल्या-गेलेल्यास तें पान दाखवितात.